शेवटची फट

सरदार आप्पासाहेबांना थंडी सोसवेना, म्हणून त्यांनी बुधवार पेठेतल्या घरात बिनखिडकीची निजायची खोली बांधून घेतली. चुन्याचा गिलावा गवंडीकाम करणाऱ्या मैनेकडे होता. गेल्या साली त्यांचं जमिनीखालचं धान्याचं पेव उघडलं, तेव्हा तिचा नवरा म्हणाला होता, “आधी दिवा सोडून बघू, सरकार. विझला तर माणूस उतरवायचा नाही.” “तेल काय तुझा बाप देतो?” म्हणत त्यांनी त्याला तसंच उतरवलं. त्या कोंदट हवेत जोंधळा टिकला होता. नवरा मात्र वर आला नाही. आज खोलीत शेगडी धगधगली, समई लागली. आप्पासाहेब म्हणाले, “वारा येतोय. दाराची फटही बुजव.” शेगडी हवा संपवते, हे ओठांवर आलेलं तिनं गिळलं. बाहेरून दार ओढून डोक्यावरची, नवऱ्याच्या मुंडाशाची चुंबळ फटीत कोंबली. थोड्या वेळानं आतून हाक आली, “मैने, समई का विझतेय?” “तेल वाचतंय, सरकार.”