बाजेखालचा शेक

रहमतबी आली तेव्हा बाज अंगणात उन्हाला आडवी उभी केलेली होती. बाजेखालचं निखाऱ्यांचं घमेलं घासून भिंतीशी पालथं ठेवलं होतं.

पाच दिवसांपूर्वी तिनंच या घरातली पोरगी जन्माला आणली होती. परवा शिरगणतीवाला येऊन माणसं मोजून गेला, तेव्हा घरात चार होती. काल दुपारी पोरगी गेली. तरी रहमतबी रोजच्या वेळेला आली होती, हातात तिळाच्या तेलाची वाटी घेऊन.

तुळसाबाई ओसरीच्या खांबाला पाठ टेकून एका जुन्या फडक्याला टाके घालत होती. कापूस वेचताना बायका कमरेला बांधतात ते फडकं.

"तू काहून आली वो बी?" मान वर न करता ती म्हणाली. "तुले कोणी सांगतलं नाई काय?"

"सांगतलं."

"मंग?"

"मंग काय? सुनेले चोळाले आली."

"लेकरू नाई राह्यलं त बाळंतीण कायची? उद्या वेचणीले नेतो तिले. शेवटचा कापूस हाये, वावरात गळून राह्यला."

तिच्या आवाजात राग नव्हता. या घरात असंच चालत आलं होतं. लेकरू असेल तर सव्वा महिना बाज, शेक, डिंकाचे लाडू. लेकरू गेलं की उठायचं.

रहमतबी तिच्या बाजूनं सरळ आत गेली.

इंदू जमिनीवर पोत्यावर बसली होती. भिंतीकडे तोंड, गुडघे पोटाशी. चोळी पुढून ओली झाली होती. ती पदरानं पुन्हा पुन्हा झाकत होती, आणि पदरही ओला होत होता.

"जाऊ द्या बी," ती हळू म्हणाली. "वावरात गेली त बरंच वाटन मले. पोरगी त नाई न आता."

"थे तुह्या अंगाले अजून समजलं नाई," रहमतबी म्हणाली. "त्याले टाइम लागते. नीज."

इंदू निजली नाही. तिनं दाराकडे पाहिलं. दारात तुळसाबाई उभी होती, एक हात चौकटीला, दुसऱ्यात सुई आणि फडकं.

"म्हातारपणी कान गेले काय तुहे? कायले चोळतं, म्हणून राह्यली मी!"

"कान गेले असते त बरं झालं असतं," रहमतबी म्हणाली. "याच ओसरीवरून तुह्या सासूनं मले तीन खेपा परत धाडलं. थे अजून आयकू येते."

तुळसाबाईनं फडकं खांद्यावर टाकलं.

"तुह्या पोराच्या, उकंडाच्या, अगोदर तीन गेले तुहे. म्हणून त त्याले उकिरड्यावर ठेवून आणलं न तसं नाव ठेवलं. तो जगला त तू सव्वा महिना बाजेवर होती. पण त्या तीन खेपेले?"

"जुनं कायले काढतं, बी."

"माह्यासाठी काढतो. दुसऱ्या खेपेले, तिसऱ्या दिवशी, तू नदीवर धुणं आपटत होती. मी पाह्यलं. माह्या हातात अशीच वाटी होती तेलाची. तुह्या सासूले बोलावं, असं लय आलं मनात. नाई बोलली. घरी गेली न थे तेल दिव्यात ओतलं."

तुळसाबाईचा हात नकळत कमरेवर गेला. गावातल्या लहान पोरांना ती अशीच माहीत होती, वाकून चालणारी, भरलेली घागर न उचलणारी. ती नवरी होऊन उकंडाच्या बापाच्या घरी ताठ कमरेनं चालत आली होती, हे आठवणारं माणूस आता रहमतबीशिवाय कोणी उरलं नव्हतं.

ती दारातून वळून निघून गेली.

इंदू रडायला लागली, पण आवाज न करता. रहमतबीनं तिला आडवं केलं आणि पायांपासून चोळायला सुरुवात केली. पोटऱ्या, मांड्या, मग कंबर. पोटावर आल्यावर तिनं हात अगदी हलका केला.

थोड्या वेळानं अंगणातून बाज ओढल्याचा आवाज आला. बाज दारात अडकली. तुळसाबाईनं ती तिरपी करून आत घेतली आणि नेहमीच्या जागी टाकली. मग चुलीशी गेली. परत आली तेव्हा घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे होते. घमेलं तिनं बाजेखाली सरकवलं, वरून मूठभर ओवा टाकला.

दोघींनी मिळून इंदूला बाजेवर निजवलं.

"पोट बांधाले काही दे," रहमतबी म्हणाली.

तुळसाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. मग खांद्यावरचं वेचणीचं फडकं काढलं. त्याला अजून सुई लटकत होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि फडकं पुढं केलं.

"माह्या बोटांत आता जोर नाई. गाठ तू मार," रहमतबी म्हणाली.

तुळसाबाईनं गाठ मारली.

"आवळते काय वो?" तिनं इंदूला विचारलं.

इंदूनं डोळे मिटूनच मान हलवली. नाही.

धुरात ओव्याचा वास भरला. तुळसाबाई निखारे फुंकायला खाली बसली. निखारे फुलले, तरी ती उठली नाही. बाजेच्या खुराशी तशीच बसून राहिली, कंबर निखाऱ्यांच्या बाजूला करून.

रहमतबीनं वाटी उचलली, तिरपी करून पाहिली.

"तेल उरलं हाये," ती म्हणाली. "आता दिव्यात नाई ओतत. पाठ कर इकडं, तुळसा."