अर्धं आईचं, अर्धं बापाचं

भाग्यश्रीच्या रक्तात सिकलसेल निघाला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेशी काढली आणि मधल्या केंद्रकावर बोट ठेवलं. "शरीर कसं घडायचं ते इथं लिहिलेलं असतं. अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. हा आजार दोघांकडून आलाय. तुमचंही रक्त तपासू."

"हे आमाले शाळेत शिकवलं, बाई!" भाग्यश्री म्हणाली.

तिची आई कुंता हिने हात पदराखाली लपवला. बाप इस्तारी दाराकडे सरकला.

"बाबा, सुईले काऊन भेता?" हसत भाग्यश्री पाणी प्यायला बाहेर गेली.

कुंताने डॉक्टरीणबाईंचे पाय धरले. "आमचं रक्त नका घेऊ, बाई. आमच्यात काईच निघणार नाई. ही पोर आमाले तलावाच्या पाळीवर सापडली, अन् तिले हे माहीत नाई."