ठसका

व्हिटेकरने आपल्या छायाचित्रांचे पुस्तक चुलीशेजारच्या मेजावर उघडून ठेवले आणि तोमासाचा चेहरा उजळण्याची वाट पाहिली.

त्या जड पुस्तकात मंगोलियाचा घोडेस्वार होता, इथिओपियाचा मीठ वाहणारा होता, आणि त्यानंतरच्या पानावर, मेक्सिकोतल्या ओआहाकामधल्या याच स्वयंपाकघरात, याच मातीच्या तव्यामागे बसलेली तोमासा होती. सुरकुत्यांतून अश्रू ओघळत होते. खाली इंग्रजीत एकच ओळ होती.

“‘मुलानं टाकलेली आई’,” तोमासा पुस्तकाकडे न पाहताच म्हणाली. “पाठ झालीय मला.”

“आधीच पाहिलंत, दोन्या तोमासा?” त्याने अदबीने विचारले.

“माझ्या अबुंदियोनं पाहिलं. शिकागोत. कुठल्याशा संस्थेनं या ओळीसकट मला तिथल्या बसथांब्यावर टांगलंय. सोबतची पोरं हसली त्याला. फोनवर म्हणाला, ‘परक्यापुढं रडलीस, आई? मी टाकलं म्हणून सांगितलंस?’ तेव्हापासून माझा फोन उचलत नाही तो.”

व्हिटेकरने आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये शब्द जुळवले. “पण ते अश्रू खरे होते. मी काही बनवलं नाही. जगभरची माणसं हेलावली त्यानं.”

“खरे होते! अरे, मिरच्या भाजत होते मी! धूर डोळ्यांत गेल्यावर काय हसू येणार?”

“नाकही वाहत होतं तुझं, तोमासे,” दारातून शेजारीण चोना म्हणाली. “ते बरं नाही छापलं यांनी.”

व्हिटेकर ओशाळून हसला. तोमासा हसली नाही.

“चित्राचा अर्थ शेवटी पाहणारा लावतो,” तो हळूच म्हणाला. “पुस्तक तर छापून झालं. पुढच्या आवृत्तीच्या वेळी बघू.”

“अर्थ त्याचा, अश्रू माझे, आणि बदनामी माझ्या लेकाची. छान वाटणी केलीत!” तिने चुलीत लाकूड सारले. “फोन काढा तुमचा. तुमच्या देशाचा नंबर आहे, तो उचलेल. मी त्या दिवशी काय करत होते, ते तुमच्याच तोंडानं सांगा त्याला. चोना, दार लाव.”

“लावते. पण बाहेरून!”

तोमासाने सांगितलेला नंबर व्हिटेकरने निमूटपणे लावला आणि फोन मेजावर ठेवला. पलीकडे घंटा वाजत असतानाच तिने ओंजळभर सुक्या मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या. धूर आधी छताकडे गेला, मग खाली उतरला.

“हॅलो?” तरुण, थकलेला आवाज आला.

व्हिटेकरने बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिरच्यांचा खाट थेट त्याच्या घशात गेला. तो खोकू लागला. डोळे घळघळा वाहू लागले. “मी... तुमची आई...” एवढेच शब्द बाहेर पडले.

“कोण बोलतंय? आईला काय झालं?”

तोमासाने तोंड उघडले, पण तिलाही ठसका लागला. दोघांच्या खोकल्याने स्वयंपाकघर भरून गेले. पलीकडचा आवाज थांबला. तो ऐकत होता.

मग तो अगदी हळू, लहान मुलासारखा म्हणाला, “आई... मिरच्या भाजतेयस?”

तोमासाने ओठ घट्ट मिटून घेतले.

व्हिटेकरला काही दिसत नव्हते. तरीही सवयीने त्याचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला.

“हो रे बाळा,” तोमासा फोनवर वाकून म्हणाली. “पाहुणे आलेत.”

आणि न वळताच तिने हात लांबवून, मिरच्यांचे बी चिकटलेला आपला काळपट तळवा कॅमेऱ्याच्या भिंगावर घट्ट दाबून धरला.