माळावरची नेपती

कंपनीनं न बनवलेलं झाड दिसलं की ते उपटायला यंत्र येई. माणदेशातल्या माळावर आता असं एकच उरलं होतं. नेपतीचं ते बिनपानांचं, काटेरी झुडूप भर उन्हात लाल फुलांनी पेटलं होतं. याच्याच फळांवर सुगलाबाईच्या आईनं दुष्काळात पोरं जगवली होती. यंत्र येताना दिसताच सुगलाबाई मेंढ्या सोडून धावली आणि काट्यांत शिरून बुंध्याला बिलगून बसली. माणसाला इजा करायची यंत्राला मुभा नव्हती.

"बाजूला व्हा. हे झाड बेकायदा आहे," यंत्र म्हणालं.

"तुमच्या कायद्याच्या आधीपासनं हाय ते हितं."

"तुम्ही कधी उठणार?"

तिच्या दंडावरून रक्त ओघळत होतं. तरी ती हसली.

"फळं पिकू दे, पाखरांना बिया रानभर नेऊ दे. मग उठते. मग बस हुडकत!"