एकाच मुदतीपुरता आमदार

युक्रेनमधून येऊन कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या माळावर गहू पिकवणारा ओस्ताप शेतकऱ्यांचा पुढारी झाला. लोकांनी त्याला विधानसभेत पाठवलं, तेव्हा एकाच मुदतीची बोली होती. त्याला आता बारा वर्षं झाली. ऐन पेरणीत तो कोट घालून सभागृहात बसलेला असायचा आणि शेताचा गाडा त्याची बायको परास्का एकटी ओढायची.

या खेपेच्या निवडणुकीला त्याने नाही म्हटलं, तर शेतकरी दारातच बसून राहिले. "तू गेलास, तर तिथं आमचं ऐकणार कोण?" शेवटी तो उभा राहिला. पण भर सभेत म्हणाला, "बाबांनो, मी थकलोय. समोरचा उमेदवार भला माणूस आहे, त्यालाच मत द्या."

सभा खो खो हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "इतकं खरं बोलणाऱ्याला आम्ही सोडतो होय!"

तो दणक्यात निवडून आला. गावच्या केंद्रावर त्याच्याविरुद्ध फक्त दोन मतं पडली. कार्यकर्ते त्या दोघा गद्दारांचा शोध घेऊ लागले, तसा ओस्ताप गुपचूप घरी आला. परास्का पीठ मळत होती.

"त्यातलं एक मत माझंच होतं गं," तो पडल्या आवाजात म्हणाला. "दुसरं कोणाचं, देव जाणे."



हात न थांबवता परास्का म्हणाली, "बारा वर्षं एकटी पेरतेय मी, ओस्ताप. दुसरं कोणाचं असणार?"