मागून गाडी न येणारी वाट

"बूट ओले कसे गं?" प्रफुल्लनं विचारलं.

हर्षितानं खाली पाहिलं. हँडलवर लावलेला फोन धक्क्यानं कलला होता आणि त्यात तिचे बूट दिसत होते.

"मळ्यात ठिबकची नळी फुटलीय. त्यातून आले." तिनं फोन सरळ केला.

"बरं. आता बोलू नकोस. खडी ऐकू दे."

मग ती नुसती सायकल चालवत राहिली. टायरखाली खडी करकरत होती. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या रांगा, मध्येच एखादं ऑलिव्हचं झाड. ऊन तिरपं होतं. सायकलची लांब सावली वेलींवर चढत होती.

सांता क्लाराच्या घरी सकाळचे आठ वाजले होते. प्रफुल्ल खुर्चीत बसून हे सगळं टीव्हीवर बघत होता.

"तिकडं आता संध्याकाळ ना गं?" मागून गिरजाबाईंचा आवाज आला. सुनेची ट्रिप आणि मुलाची कंबर, दोन्ही सांभाळायला त्या नागपूरहून आल्या होत्या.

"हो आई, पाच वाजले. तिकडे काय चाललंय?"

"काही नाही. याच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते लावून दिलं."

हा पहिला दिवस.

स्पेनमधल्या द्राक्षमळ्यांतून जाणारी ही आठ दिवसांची वाट प्रफुल्लनं अकरा वर्षांपूर्वी शोधून काढली होती. सगळी खडीची, एकही गाडी नसलेली. पण व्हिसावर असताना देशाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे परतीच्या शिक्क्यासाठी रांग, आणि त्या रांगेत कोण कधी अडकेल याचा नेम नाही. म्हणून दोघं कुठंच गेले नाहीत. प्रफुल्लनं नकाशा मागवून ठेवला आणि फोनवर स्पॅनिश शिकत बसला.

मार्चमध्ये ग्रीन कार्ड आलं. त्याच आठवड्यात त्यांनी ऑक्टोबरची तिकिटं काढली. जूनमध्ये ऑफिसातून सायकलनं येताना एका गाडीनं त्याला मागून उडवलं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म दुसऱ्याच कुणाचं होतं.

नेटानं व्यायाम केला तर पुन्हा चालू शकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. प्रफुल्ल मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राही.

"तू जा," एक दिवस तो भिंतीलाच म्हणाला.

"एकटी? वेडा आहेस का? कॅन्सल करू."

"नको. तूही राहिलीस तर मी दोघांचं बुडवलं असं होईल. ते मला नाही झेपणार यार. मला ती वाट एकदा बघायचीय. तुझ्या फोनमधून का होईना."

त्यानं तिच्याकडून वचन घेतलं. ठरल्या तारखेला मोनाली तिला न्यायला आली. मोनाली तिची जुनी मैत्रीण, दोन तासांवर द्राक्षमळ्यांच्या गावात राहणारी. दोघींनी सायकल गाडीमागच्या रॅकवर चढवली.

"विमानात अशी उघडी घेतात?" गिरजाबाईंनी विचारलं. "आणि खडीवर सायकल हाकायला इतक्या लांब कशाला जायचं? आमच्या उमरेड रोडला या. खडीच खडी आहे."

"खोकं एअरपोर्टवर मिळतं, आई."

"पासपोर्ट घेतलास?" प्रफुल्लनं दारातून विचारलं.

"घेतला."

त्यानंतर रोज आठ वाजता फोन. तिसऱ्या दिवशी गिरजाबाई हळूच म्हणाल्या, "तुझी सायकल दिसते तेवढा वेळ हा पाय हलवतो बघ. मी आपली गप्प बसते."

हर्षितानं फोन ठेवला आणि वाटेच्या कडेला बसून रडली. त्याची तिला इतकी आठवण येत होती की सायकल तिथेच टाकून घरी पळावं असं वाटलं. पण त्याचे पाय हलत होते. ती उठली आणि उद्याचा रस्ता बघून आली.

सहाव्या दिवशी मळ्यात खुडणी चालू होती. टोपीवाल्या एका बाईनं हात उंच करून हाक दिली, "बुएनोस दीआस!"

"काय म्हणाली ती?" प्रफुल्लनं विचारलं.

"नमस्कार म्हणाली असेल. तूच सांग ना, तू शिकलायस."

"नमस्कारच," तो थोडा थांबून म्हणाला. "मस्त चाललीयेस. मागे वळून बघतेस का गं?"

"नाही. बघावंसंच वाटत नाही. मागून कुणी येतच नाही."

"तेच पाहिजे होतं मला," तो म्हणाला.

नवव्या दिवशी मोनालीनं तिला घरी सोडलं. बेल वाजवल्यावर आतून काहीतरी घासत येण्याचा आवाज झाला. दार प्रफुल्लनं उघडलं. वॉकर धरून, घामाघूम होऊन तो उभा होता.

गिरजाबाई पदर डोळ्यांना लावून चहा टाकायला गेल्या.

हर्षितानं खिशातून एक खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. "शेवटच्या दिवसाचा. तुझ्या वाटेवरचा."

त्यानं तो गालाला लावला. "आपल्या वाटेवरचा," तो म्हणाला. "वरच्या खणात नकाशा आहे. त्यात ठेव. पुढच्या ऑक्टोबरला दोघं जाऊ."

तिनं खण उघडला. नकाशावर त्यानं पेन्सिलनं रोजची खूण केली होती, तारखेसकट. सहाव्या खुणेशेजारी लिहिलं होतं, 'बुएनोस दीआस म्हणजे शुभ सकाळ.' तिनं शेवटची घडी उलगडली. पहिल्या दिवसाच्या खुणेवर तिचा पासपोर्ट ठेवलेला होता. निघायच्या आदल्या दिवशी, त्याला सोडून इतक्या लांब जाववेना म्हणून, तिनं तो शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली दडवला होता.