पुढची गाडी

रस्त्यावरून पुराचं पाणी वाहत होतं. मागच्या छोट्या गाडीतून मेहुण्याने फोन केला, "भाऊजी, फोर बाय फोर काय शोभेला घेतलीय? व्हा पुढे! आम्ही आहोतच मागे." बायकोही त्याच्याच गाडीत बसली होती. माझ्या उंच गाडीत तिला आज सकाळपासून मळमळत होतं म्हणे.

मी ऐटीत गाडी पाण्यात घातली. निम्म्यावर गेल्यावर ती होडीसारखी तरंगायला लागली. चारही चाकं जीव तोडून फिरत होती, पण जमिनीला एकही टेकत नव्हतं. मग इंजिनाने मान टाकली. गाडी वाहत जाऊन एका झाडाला अडकली, तेव्हा मी खिडकीतून कसाबसा टपावर चढलो आणि मेहुण्याला फोन लावला.

"घाबरू नका भाऊजी, अग्निशामक दलाला कळवलंय. झाड सोडू नका," असं म्हणून त्याने आपली गाडी मागे वळवली. फोन बंद करायचा मात्र राहून गेला.

पलीकडून बायकोचा आवाज आला, "तरी मी तुला म्हणत होते, आधी ह्यांना जाऊ दे, पाणी किती आहे ते आपोआप कळेल."